डॉक्टरकडे जाताना रात्री जागणाऱ्याला सोबत न्या

घोरण्यावर उपचार घ्यायला माणूस सहसा आपणहून जात नाही. बायकोने मागे लागून त्याला नेलेलं असतं, नाहीतर मुलीने फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवून तयार केलेलं असतं. डॉक्टरांसमोर बसल्यावर तो म्हणतो, "मला काही त्रास नाही, हिलाच झोप लागत नाही." तो खोटं बोलत नसतो. झोपेत आपला श्वास थांबतो, हे ज्याचा थांबतो त्याला कळायला मार्गच नाही. सकाळी त्याला एवढंच आठवतं, की आपण सात-आठ तास झोपलो होतो. रात्रभर काय चाललं होतं हे ठाऊक असतं शेजारच्या माणसाला. म्हणून पहिली सूचना हीच, की या तपासणीला एकट्याने जाऊ नका. तुम्ही स्वतः घोरत नसाल, पण घोरणाऱ्याशेजारी जागे राहत असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीही आहे.

आपल्याकडे घोरणारा माणूस सुखी समजला जातो. लग्नाच्या हॉलवर गाद्या टाकल्या की रात्री कोणाच्या तरी घोरण्यावरून हसणं होतं, आणि "काय निवांत झोपलाय बघा" असं कौतुकही होतं. पण मोठ्याने, चढउतार करत, मध्येच थांबत घोरणारा माणूस निवांत झोपलेला नसतो, तो श्वासासाठी झगडत असतो. जागेपणी घशाभोवतीचे स्नायू ताठ असतात आणि हवेची वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैलावतात, जीभ मागे सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ हवेने फडफडू लागतात. घोरण्याचा आवाज तो हाच. ज्यांची ही वाट मुळातच अरुंद असते, त्यांच्यात ती श्वास आत ओढताना मिटते. कागदी नळीने घट्ट लस्सी जोरात ओढली की नळी चपटी होते, तसंच. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू धोका ओळखून शरीराला अर्धवट जागं करतो, नाडी आणि रक्तदाब उसळतात, आणि मोठा आवाज करत श्वास परत सुरू होतो. माणूस कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. असं एका तासात वीस-तीस वेळा, काहींना त्याहूनही अधिक वेळा होतं. या आजाराला डॉक्टर 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे कागदपत्रांवर तेच दिसणार आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणात याच आजाराचं नाव घेतलं. अनेक घरांनी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लाहिरी यांना इतरही आजार होते, त्यामुळे घोरणाऱ्या प्रत्येकाने धसका घ्यावा असं मुळीच नाही. नुसतं घोरणं खूप जणांना असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा श्वास अडत नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे कळून घेणं, एवढंच पहिलं काम.

त्यासाठी घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात. पहिली म्हणजे आठ प्रश्नांची एक साधी चाळणी. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस चुंग यांनी ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली आणि आज जगभर वापरली जाते. बंद दाराबाहेर ऐकू येईल इतकं मोठं घोरणं आहे का? दिवसा थकवा किंवा पेंग असते का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का? रक्तदाब आहे का? वजन खूप जास्त आहे का? वय पन्नासच्या पुढे आहे का? गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून अधिक आहे का? आणि माणूस पुरुष आहे का? तीन किंवा अधिक उत्तरं 'हो' आली, तर तपासणी करायला हवी. मूळ प्रश्नावलीत वजनाची अट बॉडी मास इंडेक्स ३५ च्या वर अशी आहे. आपल्या बांध्याला ती सैल पडते. भारतीयांमध्ये २५ च्या वरच लठ्ठपणा धरतात, आणि लहान जबडा किंवा मागे सरकलेली हनुवटी असेल तर सडपातळ माणसालाही हा आजार होतो. तेव्हा "तो कुठे जाड आहे?" म्हणून विषय संपवू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हिडिओ, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. नुसता आवाज नको; छाती आणि चेहरा दिसेल इतका मंद उजेड ठेवून, पांघरूण पोटापर्यंत खाली घेऊन, पाच-दहा मिनिटं चित्रण करा. झोप लागल्या लागल्या करू नका. पहाटे तीन-चारनंतर, माणूस उताणा असताना केलेलं चित्रण बहुधा अधिक बोलकं असतं, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते आणि त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात. आवाज थांबला की मनात आकडे मोजा. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा थांबली की वैद्यकीय भाषेत ती एक घटना धरतात. एकट्या राहणाऱ्यांनी फोन उशाजवळच्या कपाटावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं तरी चालतं. आणि हो, चित्रण करताना त्या माणसाला आधी सांगा. चेष्टेसाठी नातेवाइकांच्या ग्रुपवर असा व्हिडिओ टाकला, तर तो माणूस दवाखान्याची पायरी चढायची नाही हे नक्की.

दिवसाची लक्षणं फसवी असतात, कारण ती दुसऱ्याच आजाराच्या नावावर जमा होतात. सकाळी उठल्यावर डोकं जड आणि तोंड कोरडं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागणं, ज्याचं खापर प्रोस्टेटवर किंवा साखरेवर फुटतं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत दाब बदलतो, हृदयावर ताण येतो, आणि त्यातून लघवी वाढवणारं संप्रेरक स्रवतं, हे त्यामागचं कारण. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब न उतरणं, हृदयाचे ठोके अनियमित होणं, चिडचिड, विसराळूपणा, लैंगिक इच्छा कमी होणं, हे सगळं या यादीत येतं. रक्तदाबाच्या गोळ्या वाढतच चालल्या असतील, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की मी घोरतो. रोजच्या गर्दीत तो प्रश्न विचारायचा राहून जातो.

पेंग किती आहे हे मोजायलाही साधन आहे. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केलेल्या 'एपवर्थ' मापनात आठ प्रसंग दिलेले असतात: बसून वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत बसल्यावर, तासभर गाडीत प्रवासी म्हणून बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर वगैरे. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन अशी मांडायची. बेरीज दहाच्या वर गेली तर झोपाळूपणा जास्त आहे. हा तक्ता नवरा-बायकोने वेगवेगळा भरावा. रुग्णाचा आकडा आणि घरच्यांचा आकडा यांत पुष्कळदा मोठी तफावत निघते, आणि ती डॉक्टरांना खूप काही सांगून जाते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. सिग्नलला थांबल्यावर किंवा एक्सप्रेसवेवर डोळा लागत असेल, तर उपचार सुरू होऊन पेंग जाईपर्यंत गाडी चालवू नका. ट्रकचालक, एसटीचालक, ऊस वाहतुकीच्या हंगामात रात्रभर ट्रॅक्टर हाकणारे, यंत्रावर काम करणारे, यांच्या घरच्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. नोकरी जाईल या भीतीने चालक हे लपवतात. पण बहुतेक चालक उपचारांनंतर पुन्हा सुरक्षितपणे गाडी चालवू शकतात, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

बायकांचं काय होतं, ते वेगळं सांगायला हवं. बाई घोरते हे घरात बोललंच जात नाही. तिला स्वतःला त्याची लाज वाटते आणि पाहुण्यांकडे मुक्कामाला जायचं ती टाळते. शिवाय तिचं लक्षण नेहमी घोरणंच असतं असं नाही. झोप न लागणं, रात्री वारंवार जाग, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटणं, उदासी, डोकेदुखी, एवढंच ती सांगते. मग हिमोग्लोबिन होतं, थायरॉइड होतं, झोपेची गोळी सुरू होते. थायरॉइडची तपासणी योग्यच आहे, कारण त्याची कमतरता हा आजार वाढवते. पण पाळी गेल्यानंतर बाईमध्ये श्वास अडण्याचं प्रमाण बरंच वाढतं, आणि गरोदरपणात नव्याने सुरू झालेल्या मोठ्या घोरण्याचा रक्तदाबाशी संबंध असू शकतो. तेव्हा ते प्रसूतितज्ज्ञांच्या कानावर घालायलाच हवं.

मुलांच्या बाबतीत तर अजिबात थांबू नका. सर्दी नसतानाही रोज घोरणारं, तोंड उघडं ठेवून झोपणारं, मान मागे टाकून झोपणारं, घामाघूम होणारं, मोठं होऊनही गादी ओली करणारं मूल कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. मुलांमध्ये याचं मुख्य कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी. मोठा माणूस पेंगतो, मूल मात्र उलट चळवळं होतं. शाळेतून "लक्ष देत नाही, एका जागी बसत नाही" अशी तक्रार येते. त्याची वाढ खुंटू शकते, आणि वर्षानुवर्षं तोंडाने श्वास घेत राहिल्याने चेहऱ्याची ठेवण बदलू शकते. योग्य मुलात या ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेने चांगला फरक पडतो. "मोठा झाला की जाईल" हा सल्ला या मुलांच्या बाबतीत महागात पडतो. मोठ्यांमध्ये तासाला पाच घटनांपर्यंतचा आकडा ठीक धरतात, मुलांमध्ये एकसुद्धा जास्त मानतात. यावरून काय ते समजा.

आता डॉक्टर कोणता? आधी तुमचे नेहमीचे डॉक्टर. ते रक्तदाब, साखर, थायरॉइड पाहतील आणि पुढे पाठवतील. पुढे बहुधा छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ येतात. काही ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञही झोपेचे आजार पाहतात. यांपैकी कोणाकडेही गेलात तरी चालेल, फक्त स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, झाल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नका. नाकाचं हाड वाकडं असणं अगदी सामान्य आहे. ते सरळ केल्याने नाक मोकळं होतं, पुढे श्वासासाठी मशीन लागलं तर त्याचा मास्क वापरणंही सोपं जातं. पण वाट घशात मिटत असेल, तर नुसत्या नाकाच्या ऑपरेशनने श्वास थांबायचा राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर आवाज कमी झाला आणि श्वास मात्र अडतच राहिला, तर घरच्यांना जागं करणारी खूणही गेली. ही स्थिती आधीपेक्षा जास्त काळजीची आहे.

स्लीप स्टडी दोन प्रकारची असते. प्रयोगशाळेत रात्रभर झोपून केलेल्या तपासणीत डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायांना तारा चिकटवतात, छाती-पोटाला पट्टे, नाकाजवळ हवेचा संवेदक आणि बोटाला ऑक्सिमीटर लावतात. घरी करायच्या तपासणीत तारा कमी असतात आणि खर्चही कमी येतो. लक्षणं ठळक असतील आणि हृदय, फुप्फुसं किंवा मेंदूचा मोठा आजार नसेल, तर घरची तपासणी पुरते. पण ती कधी कधी आजार कमी दाखवते, कारण बहुतेक यंत्रं तुम्ही खरोखर किती वेळ झोपलात हे मोजत नाहीत. जागून काढलेला वेळही भागाकारात धरला जातो. तेव्हा घरच्या तपासणीत काही निघालं नाही, पण शेजारच्या माणसाने श्वास थांबलेला डोळ्यांनी पाहिला आहे, तर प्रयोगशाळेतली तपासणी मागा.

जायच्या दिवशी केस धुवा, पण तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. नखांवर रंग नको. दुपारची झोप टाळा, दुपारनंतर चहा-कॉफी नको, दारू अजिबात नको. रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं नसेल तर घ्या आणि तंत्रज्ञाला त्यांची यादी द्या. घरची उशी नेली तरी चालते. "अनोळखी जागी मला झोपच येणार नाही" ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते. काही तासांची तुटक झोपही निदानाला बहुधा पुरते.

रिपोर्ट पंधरा पानांचा येतो, पण त्यात चार गोष्टी शोधा. पहिली, तासाला घटना किती. रिपोर्टवर ती 'एएचआय' अशा अक्षरांनी असते. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. दुसरी, प्राणवायू सर्वांत खाली किती गेला आणि ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला. तिसरी, उताणं असताना आणि कुशीवर असताना आकड्यात किती फरक आहे. चौथी, तुम्ही एकूण किती झोपलात. कोविडनंतर अनेक घरांत बोटाचं ऑक्सिमीटर आलं आहे. जागेपणी त्यावर ९८ दिसलं म्हणून रात्री सगळं ठीक आहे असा अर्थ होत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सॅमसंग आणि ॲपल यांच्या घड्याळांतल्या स्लीप ॲप्नियाच्या इशाऱ्याला परवानगी दिली. घड्याळाने इशारा दिला तर तपासणीला जा. दिला नाही म्हणून तपासणी रद्द करू नका.

उपचारांत मध्यम आणि तीव्र आजारासाठी आजही पहिला मान सीपॅप मशीनचा. या मशीनबद्दल आपल्या घरांत जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच कशाबद्दल असतील. ते ऑक्सिजनचं मशीन नाही. ते खोलीतलीच हवा गाळून ठरावीक दाबाने नाकावाटे सोडतं, आणि तो दाब घसा मिटू देत नाही. ते लागलं म्हणजे आजार शेवटच्या टप्प्यात गेला असंही नाही. चाळिशीतला, रोज कामावर जाणारा माणूसही ते वापरतो. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये ते पहिल्यांदा रुग्णावर वापरलं. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची वेगळी वाट करणं. आज नाकावर बसणाऱ्या मास्कला नाक मुरडणाऱ्याला हा इतिहास जरूर सांगावा.

खरी परीक्षा पहिल्या महिन्याची. मशीन घेतात आणि चार रात्रींनंतर कपाटावर ठेवतात, अशी घरं पुष्कळ आहेत. बहुतेक वेळा दोष मशीनचा नसून मास्कचा असतो. मास्क बसून नव्हे, आडवं होऊन, हवेचा दाब चालू ठेवून मापून घ्या. घट्ट आवळला की गळती थांबेल असं वाटतं. प्रत्यक्षात गळती वाढते आणि नाकावर वळ उठतात. भरघोस मिशी किंवा दाढी असेल तर नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क वापरून पाहा. तोंड उघडं राहत असेल तर तोंड-नाक दोन्ही झाकणारा मिळतो, पण आधी नाक का बंद आहे हे तपासा. पहिले काही दिवस संध्याकाळी टीव्ही पाहताना वीस मिनिटं मास्क लावून बसा, म्हणजे गुदमरल्याची भावना ओसरते. सुरुवातीला कमी दाब देऊन हळूहळू वाढवण्याची सोय मशीनमध्ये असते, ती चालू करून घ्या. घसा कोरडा पडत असेल तर ह्युमिडिफायर लावा आणि त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरवेलच्या पाण्याचे क्षार आत साचतात. मास्क रोज साध्या साबणाच्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा, गाळणी वेळच्या वेळी बदला. लोडशेडिंगच्या भागात मशीन इन्व्हर्टरवर चालेल अशी सोय आधीच करा.

आणि शेजारच्या माणसाने या महिन्यात हसू नये. मास्क लावलेल्या नवऱ्याला बघून मुलं दचकतात, बायकोला अवघडल्यासारखं होतं, नवं लग्न असेल तर संकोच दोन्हीकडून असतो. लग्न ठरताना हे लपवण्याकडे कल असतो. माझ्या मते ते आधी मोकळेपणाने सांगावं, कारण उपचार घेणारा जोडीदार हा उपचार न घेणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. मास्क सरकल्यावर हलकेच सारखा करणारा हात घरात असेल, तर मशीन टिकण्याची शक्यता खूप वाढते.

दोन आठवड्यांनी मशीनमधली नोंद डॉक्टरांना दाखवा. किती तास वापरलं, गळती किती, आणि मशीन चालू असतानाही तासाला किती घटना उरल्या, हे त्यात असतं. उरलेला आकडा पाचच्या खाली हवा. रात्री किमान चार तास हा हिशेबाचा आकडा आहे, लक्ष्य मात्र पूर्ण झोपेचं ठेवा. याबाबत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'सेव्ह' नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारतातलेही रुग्ण होते. त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला, की आधीच हृदयविकार किंवा पक्षाघाताचा त्रास असलेल्यांत सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत. त्या अभ्यासात लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं. पेंग, मनःस्थिती आणि कामावरच्या रजा यांत मात्र स्पष्ट सुधारणा दिसली. म्हणजे मशीन घेतलं म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि अर्ध्या रात्री काढून ठेवायचं नाही.

खर्चाचं बोलू. मशीन थेट ऑनलाइन मागवू नका. दाबाचा आकडा तपासणीतून आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीतून यायला हवा. मोठ्या शहरांत महिनाभर भाड्याने मिळतं, ते आधी करून पाहा. जुनं मशीन स्वस्तात घेताना सावध राहा: २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीला आतला फोम झिजून कण श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे लाखो यंत्रं परत बोलवावी लागली होती. खासगी आरोग्य विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत सीपॅपसारखी उपकरणं वगळलेली असतात, तेव्हा पॉलिसीतलं ते कलम आधी वाचा. केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांना सीजीएचएसमधून ठरावीक मर्यादेपर्यंत परतावा मिळतो, त्यासाठी खरेदीआधी मंजुरीची विचारणा करा. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांनी जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्वसनविकार किंवा कान-नाक-घसा विभागात स्लीप स्टडीची सोय विचारावी.

सौम्य ते मध्यम आजारात, किंवा मशीन सोसतच नसेल तर, खालचा जबडा किंचित पुढे ओढून ठेवणारं उपकरण दंतवैद्य मापाने बनवून देतात. हिरड्या आणि जबड्याचा सांधा चांगला हवा. ऑनलाइन मिळणारी गरम पाण्यात घालून चावायची साधनं त्याची जागा घेत नाहीत. आकडा उताणं असतानाच वाढत असेल तर कुशीवर झोपायची सवय पुष्कळ काम करते. शस्त्रक्रियेबद्दल इतकंच, की औषधाने झोपवून दुर्बिणीतून घसा नेमका कुठे मिटतो हे पाहिल्यावर घेतलेला निर्णय अधिक चांगला असतो.

वजनाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं पाहणी केलेल्या लोकांत दहा टक्के वजन घटल्यावर घटनांचा आकडा सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाला, आणि तेवढंच वजन वाढल्यावर तो सुमारे ३२ टक्क्यांनी वाढला. टिर्झेपटाइड या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठ रुग्णांच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे ते २०२५ पासून मधुमेह आणि वजनासाठी मिळतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, आणि वजन उतरेपर्यंत मशीन चालू ठेवायचं. रात्रीची दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी या दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो, त्या बंद करा.

घरगुती उपायांबद्दल लोक आशेने विचारतात. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये ३० रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून पाच दिवस, रोज किमान पंधरा मिनिटं, सहा महिने शंख फुंकणाऱ्यांची पेंग आणि घटना दोन्ही कमी झाल्या. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो हे त्यामागचं तत्त्व. अभ्यास छोटा आहे; उपचारासोबत शंख जरूर फुंका, उपचाराऐवजी नको. रोज रात्री नाकात तूप किंवा तेल सोडून झोपणं मात्र टाळा. ते थोडं थोडं फुप्फुसात उतरून वेगळ्या प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. नाक मोकळं करणारे थेंब सलग आठवड्याहून जास्त वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं. आणि तोंडावर पट्टी चिकटवून झोपायची जी टूम निघाली आहे, ती नाक बंद असणाऱ्या किंवा श्वास अडणाऱ्या माणसाने करू नये.

शेवटी, निदान झालेल्यांनी एक कागद पाकिटात ठेवावा: आजाराचं नाव, एएचआयचा आकडा, मशीनचा दाब. मोतीबिंदूपासून हर्नियापर्यंत कुठलंही ऑपरेशन ठरलं की तो भूलतज्ज्ञांना दाखवायचा. भुलीची आणि वेदनाशामक औषधं घसा सैल करतात, आणि ऑपरेशननंतरची पहिली रात्र अशा रुग्णाला जास्त जोखमीची असते. दाखल होताना मशीन आणि मास्क सोबत न्यावा, वॉर्डमधल्या नर्सला तो कसा लावायचा हे रुग्णाच्या सोबत्याने दाखवावं, आणि त्या रात्री तिथे थांबणारा माणूस घरी शेजारी झोपणारा असेल असं पाहावं.